कुंपणापलीकडचा धूर

शास्त्रपाठ : निर्गम २२:६, मत्तय ५:२३, २४, याकोब २:१५, १६



ग्वाल्हेर शहरात लष्कर नावाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले, म्हणून त्याचे नाव लष्कर. याच लष्करात शिंदे की छावनी नावाची वस्ती आहे. त्या वस्तीतील एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी महिन्यातून एकदा मराठीतून प्रार्थना होते. एरव्ही आम्ही सगळे हिंदी उपासनेस जातो. पण मायबोलीत गावे, मायबोलीत देवाला हाक मारावी, अशी ओढ असणारी तीस-पस्तीस माणसे त्या घरी जमतात. मोठ्यांची प्रार्थना आत, आणि मुलांची शब्बाथशाळा बाहेर अंगणात, कडुनिंबाखाली.

काही वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीतील गोष्ट आहे. नाताळ आणि नवे वर्ष आनंदाने पार पडले होते. अंगणात सजावटीचा ढीग उरला होता : थर्माकोलचा मोठा तारा, चमकीच्या माळा, रंगीत कागद, जेवणाच्या प्लास्टिकच्या ताटल्या आणि झाडाखालचा पालापाचोळा. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ती सांगावयास नको. संध्याकाळी दात वाजू लागले. कोणीतरी म्हणाले, "हे सगळे पेटवून देऊ या, अंगणही स्वच्छ होईल आणि शेकही मिळेल." आम्ही सर्वांनी होकार दिला. तारा काळा धूर सोडीत जळाला. आम्ही हात शेकले, दोन गीते म्हटली आणि घरोघरी गेलो.

पुढच्या महिन्यात शब्बाथशाळेच्या बाईंनी मुलांना नेहमीप्रमाणे विचारले, "आज कोणासाठी प्रार्थना करायची?" त्या घरची आठ-नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "शेजारच्या अम्मांसाठी. आपण तारा जाळला ना, त्या रात्री त्या सारख्या खोकत होत्या. आमच्या खोलीत ऐकू येत होतं. अजून खोकतात."

बाईंनी ही गोष्ट उपासनेनंतर आम्हांला सांगितली. आमच्यापैकी एकजण लगेच म्हणाले, "अहो, साऱ्या शहरातच धूर आहे. आपल्या एका शेकोटीने काय होते?" सांगावयास लाज वाटते, पण त्या वेळी आम्हांला ते बोलणे अगदी पटले. पुढे मात्र मन स्वस्थ बसू देईना. ज्या लेकराने अम्मांसाठी प्रार्थना मागितली, त्याने न कळत आमच्यावर आरोपही ठेवला होता. ज्याला आम्हीच दुखविले त्याच्यासाठी आम्ही देवाजवळ आरोग्य मागत होतो.

साऱ्या शहरात धूर आहे, हे खोटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली जगातील शहरांच्या हवेची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात इराणमधील झाबोलच्या खालोखाल दुसरे नाव आमच्या ग्वाल्हेरचे होते. हवेत तरंगणारे जे अतिसूक्ष्म कण, ज्यांना पी.एम. २.५ म्हणतात, त्यांचे वार्षिक प्रमाण एका घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम दाखविले होते. आपल्या देशाने ठरविलेली मर्यादा ४० आहे. संघटनेची मर्यादा त्या वेळी १० होती आणि २०२१ साली तिने ती ५ वर आणली. पुढच्या याद्यांत क्रम बदलले; २०१८ च्या यादीत कानपूर पहिले आले. पण आपल्या गावाचा नंबर खाली गेला म्हणून समाधान मानावे, अशी ही शर्यत नव्हे. २०१९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातील शहरांतही ग्वाल्हेर आहे.

हे कण किती लहान, याची कल्पना मुलांनाही देता येईल. माणसाच्या डोक्यावरील एका केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस कण सहज शेजारी शेजारी मावतात. नाकातील केसांना ते अडत नाहीत. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. दमा, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध आहे, हे आता सिद्ध झाले आहे. रस्त्यावरची धूळ, मोटारी, बांधकामे, चुली, शेतात जाळलेली परळी, पेटविलेला कचरा, या सर्वांतून ते येतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. एरव्ही जमिनीजवळची गरम हवा वर जाते आणि आपल्याबरोबर धूर नेते. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. मग धूर वर जाऊ शकत नाही. तो धुक्यात मिसळतो, त्याचे धुरके होते आणि ते आपण सर्व मिळून हुंगतो. म्हणजे ज्या रात्री शेकोटीची अधिक गरज वाटते, नेमक्या त्याच रात्री तिचा धूर अधिक घातक असतो.

आता देवाचे वचन काय सांगते ते पाहू. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात परमेश्वराने इस्राएल लोकांना शेजारधर्माचे नियम दिले आहेत. त्यांत एक नियम आगीविषयी आहे. एखाद्याने आग पेटविली, ती काटेरी झुडपांना लागली, आणि तेथून पसरत जाऊन दुसऱ्याच्या धान्याच्या सुड्या किंवा उभे पीक जळाले, तर ज्याने आग लावली त्याने नुकसान भरून द्यावे, असा तो नियम आहे.

या नियमातील दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली ही की, त्या मनुष्याने शेजाऱ्याचे शेत मुद्दाम जाळले, असे तेथे म्हटलेले नाही. त्याने कदाचित आपल्याच शेतातील काटेकुटे पेटविले असतील. त्याच्या मनात वैर नसेल. आग आपोआप पलीकडे गेली. तरीही देवाने त्याला मोकळे सोडले नाही. दुसरी गोष्ट ही की, वारा कोणत्या बाजूचा होता, झुडपे कोणाची होती, आणखी कोठे आग लागली होती काय, असे प्रश्न तेथे नाहीत. प्रश्न एकच आहे : आग कोणी पेटविली?

आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालच्या निकालांत, जो प्रदूषण करतो त्यानेच त्याची किंमत द्यावी, हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचे मान्य केले. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी तेच तत्त्व एका शेतकऱ्याला शेताच्या भाषेत सांगितलेले होते. त्या काळी सुडी जळालेली डोळ्यांनी दिसे. आज धुराने जे जळते ते भिंतीपलीकडच्या एखाद्या म्हाताऱ्या छातीत जळते आणि आपल्याला दिसत नाही.

पण मनुष्याचा स्वभाव आदामापासून एकच आहे. दोष दाखविला की तो दुसऱ्याकडे बोट करतो. आदामाने हव्वेकडे केले, हव्वेने सर्पाकडे केले. धुराच्या बाबतीतही जगभर हेच घडले आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात १९४३ सालच्या उन्हाळ्यात एके दिवशी असे धुरके पसरले की लोकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. लोकांनी एका रसायनाच्या कारखान्याकडे बोट दाखविले. तेथील काम थांबविण्यात आले, तरी धुरके पुन्हा आले. पुढे १९५० च्या सुमारास हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की मोटारींचा धूर आणि तेलशुद्धीकरणातील वाफा यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हा त्रास निर्माण होतो. ज्या मोटारीत बसून लोक कारखान्याला नावे ठेवीत होते, तीच मोटार आरोपी निघाली.

लंडनमध्ये १९५२ साली ५ ते ९ डिसेंबर असे पाच दिवस दाट धुरके पडले. समोरचा हात दिसेना. त्या काळात सुमारे ४,००० माणसे अधिक मेली, असे त्या वेळच्या सरकारी हिशोबात आले. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत असावा असे म्हटले. तो धूर केवळ कारखान्यांचा नव्हता. लाखो घरांत ऊब मिळावी म्हणून जी कोळशाची शेगडी पेटत होती, तिचाही मोठा वाटा त्यात होता. प्रत्येक कुटुंब म्हणू शकत होते की आमच्या एका शेगडीने काय होते! अशा शेगड्यांनीच ती हजारो माणसे मेली. १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला, तेव्हा त्याने गिरण्यांबरोबर घरांनाही हात घातला.

मोठे अपराधी नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. आमच्याच मध्य प्रदेशात १९८४ साली २ डिसेंबरच्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि पहाटेपर्यंत हजारो घरांत आकांत झाला. त्या कारखान्याचे उत्तरदायित्व कोणीही एखाद्या घरच्या शेकोटीवर ढकलू नये. बलवानांना जाब विचारणे हेही संदेष्ट्यांचेच काम आहे. आमोस आणि मीखा यांनी ते केले. परंतु ग्वाल्हेरात बिर्लानगरची जुनी कापड गिरणी गेल्या शतकातच बंद पडली, आणि तरीही २०१६ च्या यादीत आम्ही दुसरे आलो. भोंगा गेला, धूर गेला नाही. आता बोट कोणाकडे करावे?

यशया संदेष्ट्याच्या पासष्टाव्या अध्यायात देव अशा लोकांविषयी बोलतो, जे स्वतःला इतरांपेक्षा पवित्र समजतात आणि शेजाऱ्याला म्हणतात, दूर राहा, जवळ येऊ नको. देव म्हणतो की अशी माणसे त्याच्या नाकात जाणाऱ्या धुरासारखी आहेत. बंधुभगिनींनो, ते वचन वाचताना आमचा तारा आम्हांला आठवला. आम्ही आत गात होतो, आणि बाहेर आमचा धूर भिंत ओलांडून जात होता. देवाजवळ त्या संध्याकाळी काय पोहोचले असेल? आमचे गीत, की अम्मांचा खोकला?

म्हणून आम्ही मत्तयाच्या पाचव्या अध्यायाकडे वळलो. प्रभू येशूने तेथे सांगितले आहे की, वेदीजवळ अर्पण आणलेले असताना, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. आपल्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे काय, असे प्रभूने विचारलेले नाही. त्याच्या बाजूने पाहावयास सांगितले आहे.

त्या घरच्या काकू, शब्बाथशाळेच्या बाई आणि आम्ही, असे तिघे अम्मांकडे गेलो. त्या हिंदी बोलणाऱ्या, वयाने सत्तरीपुढच्या, आपल्या धर्मात श्रद्धेने राहणाऱ्या बाई आहेत. खिडकीच्या फटीत त्यांनी जुन्या साडीच्या चिंध्या खोचल्या होत्या. आम्ही म्हटले, "अम्मा, त्या दिवशी आमच्यामुळे तुम्हांला त्रास झाला. आम्हांला क्षमा करा." त्या काकूंचा हात धरून म्हणाल्या, "तुम्हारा बड़ा दिन था बेटा, त्योहार में क्या बोलती?"

म्हणजे धूर कोठून येतो आहे ते त्यांना त्या रात्रीच ठाऊक होते. आमच्या सणाचा विरस होऊ नये म्हणून त्या गप्प राहिल्या, चिंध्या खोचून खोकत राहिल्या. शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी आम्ही त्या घरात कितीतरी वेळा उपदेश ऐकला होता. तो भिंतीपलीकडे कोणी पाळला, ते आम्हांला त्या दिवशी समजले.

भरपाई कशी करावी? डॉक्टर म्हणाले की छातीचा विकार जुना आहे, आणि शहराची हवाच अशी आहे. त्यात आमच्या शेकोटीचा वाटा किती, हे कोणीही मोजून सांगू शकणार नाही. पण आग कोणी पेटविली, हे ठाऊक होते. आमच्यातील दोन तरुणांनी अम्मांना दवाखान्यात नेण्याआणण्याचे काम पत्करले आणि त्यांच्या श्वासाच्या पंपाचा खर्च आमच्या छोट्या मंडळीने वर्षभर दिला. अंगणात मागच्या बाजूस एक खड्डा खणला. पाला आता त्यात जातो आणि त्याचे खत होते. थर्माकोलचा तारा पुन्हा आणला नाही. बांबूच्या कामट्या आणि कापड यांचा तारा मुलांनी केला. तो दरवर्षी काढतो आणि घडी करून ठेवतो. अम्मांचा खोकला थांबला, असे सांगता आले असते तर बरे झाले असते. तो थांबलेला नाही. हिवाळा आला की वाढतो. पण आता तो ऐकू आला की आम्हांला भिंतीपलीकडे जाता येते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. धुराविषयी बोलताना गरिबावर दगड फेकणे फार सोपे असते. रस्त्याच्या कडेला रात्री पहारा करणारा चौकीदार टायरचा तुकडा आणि पुठ्ठे जाळून बसतो. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास दंड करावा, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला आहे, आणि तो योग्य आहे. पण त्या चौकीदाराजवळ जाऊन "विझव ते" एवढेच म्हणून आम्ही गाडीची काच वर केली, तर याकोबाच्या पत्रातील त्या मनुष्यासारखे आम्ही झालो, जो उघड्या भावाला ऊब घे म्हणून निरोप देतो आणि अंगावर घालावयास काहीच देत नाही. शेकोटी विझवावयाची असेल तर हातात घोंगडी घेऊन जावे. चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या बहिणीचेही तसेच. तो धूर प्रथम तिच्याच छातीत जातो. २०१६ साली सरकारने गरीब घरांना गॅसजोडणी देण्यासाठी उज्ज्वला योजना सुरू केली. पण सिलिंडर पुन्हा भरण्यास पैसे नसतील तर चूल पुन्हा पेटते. मंडळीतील अशी घरे कोणती, हे पंचमंडळींनी पाहावे.

आणि निराश होऊ नये. पश्चात्ताप केला तर हवासुद्धा फिरते. चीनची राजधानी बीजिंग धुरक्यासाठी कुप्रसिद्ध होती. तेथे २०१३ साली त्या सूक्ष्म कणांचे वार्षिक प्रमाण सुमारे ९० होते. घरांतील कोळसा बंद केला, कारखान्यांना आणि मोटारींना कडक नियम लावले, आणि २०२० साली ते सुमारे ३८ वर आले. अजून ते पुरेसे कमी नाही. पण सात वर्षांत निम्म्याहून खाली येणे अशक्य नाही, हे दिसले. आपल्या मुंबईत तर धुराच्या उपद्रवाविरुद्ध १९१२ सालीच कायदा झाला होता. कायदे आपल्याजवळ आहेत. ते पाळण्यास लागणारे मन पाहिजे, आणि मनाचे काम मंडळीकडे सोपविलेले आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस एक सूचना करावीशी वाटते. एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर व्हॅसलिनचा पातळ थर लावून तो खिडकीबाहेर आठवडाभर टांगावा आणि दुसरा तसाच पुठ्ठा डब्यात बंद ठेवावा. पुढच्या रविवारी दोन्ही मुलांपुढे ठेवावे. त्यांना फारसे सांगावे लागणार नाही. मग निर्गमातील आगीचा नियम वाचावा आणि एवढेच विचारावे, "आपल्या घरातून कुंपणापलीकडे काय काय जाते?" धूर जातो, कचरा जातो, ध्वनिक्षेपकाचा आवाज जातो. कधी प्रीतीही जाते. मुले उत्तरे देतील, आणि काही उत्तरे आपणांस झोंबतील. ती झोंबू द्यावीत.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आपण वाचतो की देवाने मातीचा मनुष्य घडविला आणि स्वतः त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास घातला. ज्या नाकपुड्यांत देवाने आपला श्वास घातला, त्यांतच आपला धूर जातो. अम्मांच्याही नाकपुड्या त्याच हातांनी घडविलेल्या आहेत.

या नाताळी आपल्या अंगणात काही पेटविण्यापूर्वी एकदा कुंपणापलीकडे पाहा. आणि पूर्वी पेटविले असेल, तर दार ठोठावण्यास उशीर करू नका. अर्पण थोडा वेळ थांबू शकते.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांला श्वास दिलास आणि शेजारीही दिलास. आमच्या हातून जो धूर दुसऱ्याच्या घरात गेला त्याची आम्हांला क्षमा कर, आणि भरपाई करण्याची बुद्धी व धैर्य दे. दम्याने बेजार झालेल्यांस या रात्री शांत झोप दे. थंडीत कुडकुडणाऱ्यांस आमच्या हातून पांघरूण मिळू दे. शहराचा कारभार पाहणाऱ्यांस न्यायबुद्धी दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.